‘लूनी ट्यून्स: बॅक इन ॲक्शन’ पडला होता, मग तो का पाहायचा?

प्रश्न असा आला आहे: ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ आणि ‘स्पेस जॅम’ दोन्ही पाहिले, दोन्ही आवडले. ‘लूनी ट्यून्स: बॅक इन ॲक्शन’बद्दल मात्र जिथे तिथे ‘पडलेला चित्रपट’ एवढंच वाचायला मिळतं. त्यावर दीड तास घालवावा का? आणि घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दाखवावा का?

पाहा, आणि मुलांना सोबत घेऊनच पाहा. मी हातानं चित्रं काढून ॲनिमेशन करायच्या धंद्यात वाढलो. जाहिरातींमध्ये खऱ्या माणसाच्या शेजारी चितारलेलं पात्र उभं करायचं काम पुष्कळ केलं आणि आता तेच शिकवतो. लूनी ट्यून्स या वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टून लघुपटांतला ससा बग्स बनी आणि बदक डॅफी डक यांना पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्यांच्या अस्सल स्वभावासकट उभं करण्याचं काम या चित्रपटाइतकं चांगलं दुसऱ्या कुठल्याही चित्रपटानं केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. गोष्ट विस्कळीत आहे हे खरं. पण ज्या कारणासाठी हा चित्रपट पाहायचा, ते कारण गोष्टीत नाहीच.

आधी थोडक्यात माहिती. चित्रपट 14 नोव्हेंबर 2003 रोजी अमेरिकेत लागला. दिग्दर्शक जो डांटे, ‘ग्रेमलिन्स’वाला. लेखक लॅरी डॉयल. ॲनिमेशनचा दिग्दर्शक एरिक गोल्डबर्ग, म्हणजे डिस्नेच्या ‘अलादीन’मधला जिनी ज्यानं चितारला तो. पडद्यावर ब्रेंडन फ्रेझर, जेना एल्फमन, स्टीव्ह मार्टिन, टिमोथी डाल्टन. खर्च 8 कोटी डॉलर आणि जगभरातली कमाई 6 कोटी 80 लाखांच्या आसपास. वॉर्नर ब्रदर्सनं त्याच सुमारास लूनी ट्यून्सचे नवे लघुपट थिएटरसाठी करायला घेतले होते, ते कामही या अपयशानंतर गुंडाळलं गेलं. चित्रपटाची बदनामी झाली ती इथून.

आता गोष्ट. डॅफी डकला आपलं मानधन आणि मान दोन्ही कमी पडतात. बग्सला जेवढं मिळतं तेवढं मला का नाही, म्हणून तो स्टुडिओच्या बैठकीत आकांडतांडव करतो. विनोद खात्याची उपाध्यक्ष असलेली केट त्याला सरळ काढून टाकते. त्याला फाटकाबाहेर काढायचं काम डीजे नावाच्या सुरक्षारक्षकावर येतं, त्या धावपळीत स्टुडिओची पाण्याची टाकी कोसळते आणि डीजेचीही नोकरी जाते. पुढे डीजेचा नट असलेला बाप खराखुरा गुप्तहेर निघतो, ‘ब्लू मंकी’ नावाचा हिरा शोधायला सगळे लास व्हेगस, वाळवंट, पॅरिस, आफ्रिका आणि शेवटी अंतराळ गाठतात. बापाचं काम डाल्टनला दिलं आहे, जो 1987 आणि 1989 मध्ये खरोखरच जेम्स बाँड होता. खलनायक ॲक्मी कंपनीचा अध्यक्ष. त्याला हिऱ्याच्या जोरावर जगातल्या सगळ्या माणसांची माकडं करायची आहेत, म्हणजे ती फुकटात त्याचा निकृष्ट माल बनवतील. मग त्यांची पुन्हा माणसं करायची, म्हणजे तीच तो माल विकत घेतील.

हेरकथेचा हा सगळा सांगाडा गॅग, म्हणजे विनोदाचे छोटे तुकडे, टांगायला उभा केला आहे. खरी गोष्ट पहिल्या वीस मिनिटांत सांगून होते आणि ती फार शहाणी आहे. डॅफीला काढल्यावर स्टुडिओला कळतं की एकटा बग्स विनोदी नाही. समोर जळफळणारा, हाव सुटलेला, दर वेळी तोंडावर आपटूनही पुन्हा उभा राहणारा बदक असेल तरच सशाचा शांतपणा हसवतो. मग केटलाच फर्मान निघतं की डॅफीला परत आण, नाहीतर तूही जा.

लूनी ट्यून्सचा दिग्दर्शक चक जोन्स याचे जुने लघुपट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे कुठून आलं ते लगेच कळेल. 1951 चा ‘रॅबिट फायर’, 1952 चा ‘रॅबिट सीझनिंग’ आणि 1953 चा ‘डक! रॅबिट, डक!’ या तिन्हींत जंगलात एल्मर हा शिकारी बंदूक घेऊन उभा असतो, आता हंगाम सशाचा की बदकाचा यावर वाद होतो आणि गोळी दर वेळी डॅफीलाच लागते. चोच डोक्याभोवती फिरून मागे जाते, तो ती ओढून जागेवर बसवतो आणि पुन्हा भांडायला येतो. चित्रपट सुरूच याच प्रसंगानं होतो. हशा पिकलेला असतानाच कळतं की हे सगळं स्टुडिओच्या बैठकीत संहितेचं वाचन चाललं होतं, आणि डॅफी उखडून म्हणतो की पुन्हा गोळी मलाच का? बैठकीतले साहेब लोक ज्याला ‘ठरलेला गॅग’ म्हणतात, तो त्या बदकाचा आयुष्यभराचा अपमान आहे. इतकी नेमकी सुरुवात मी फार थोड्या विनोदी चित्रपटांत पाहिली आहे.

या कल्पनेचं मूळ आणखी मागे जातं. 1940 मध्ये फ्रिझ फ्रेलेंगनं ‘यू ऑट टु बी इन पिक्चर्स’ नावाचा लघुपट केला होता. त्यात चितारलेला पोर्की पिग खऱ्याखुऱ्या वॉर्नर स्टुडिओत फिरतो, खऱ्या निर्मात्याच्या, म्हणजे लिऑन श्लेसिंगरच्या, ऑफिसात जाऊन करार मोडतो. त्याला फूस लावतो डॅफी, कारण पोर्कीची जागा त्याला हवी असते. तेव्हा ‘बॅक इन ॲक्शन’नं कार्टून पात्रांना स्टुडिओचे पगारी नट मानलं, ती काही 2003 मधली टूम नव्हती. घरातलीच साठ वर्षांची परंपरा डांटेनं उचलली. ‘स्पेस जॅम’नं तीच पात्रं घेऊन मायकेल जॉर्डनच्या कीर्तीला जोडली. 1996 च्या त्या चित्रपटावर अनेकांचं बालपणापासून प्रेम आहे, ते असू दे. पण त्यातला बग्स परग्रहावरच्या पाहुण्यांना घाबरून मदत मागायला जातो, आणि हे मला पटत नाही. जोन्सचा नियम होता की बग्स आपणहून कुरापत काढत नाही, पण कुणी काढली तर एकटा पुरून उरतो. ‘स्पेस जॅम’ आपल्याला रुचला नाही हे जोन्सनं उघड बोलूनही दाखवलं होतं. जोन्स फेब्रुवारी 2002 मध्ये गेला. डांटेची त्याच्याशी जुनी ओळख होती. ‘ग्रेमलिन्स’मध्ये जोन्स क्षणभर पडद्यावर दिसतो, ‘ग्रेमलिन्स 2’च्या सुरुवातीचं बग्स-डॅफीचं ॲनिमेशन त्यानंच केलेलं आहे. जोन्सच्या तरुणपणीच्या कार्टून विभागावर चित्रपट करायची डांटेची इच्छा होती, ती स्टुडिओनं पुरी होऊ दिली नाही. या चित्रपटातली पात्रं इतकी आपल्या स्वभावाला धरून वागतात, त्यामागे हा जिव्हाळा आहे.

कॅन्टीनचा प्रसंग मुद्दाम लक्ष देऊन पाहा. केट बग्सला जेवायला घेऊन बसली आहे आणि त्याला काळाप्रमाणे बदलायला सांगते आहे. बाईचा वेश घेण्याचा तुझा प्रकार पूर्वी चालायचा, आता लोकांना विचित्र वाटतो, असं ती म्हणते. ओठांना लाली लावलेला ससा ज्याला विनोदी वाटत नाही त्याच्याशी आपलं बोलणंच खुंटलं, अशा अर्थाचं बग्स शांतपणे ऐकवतो. मागच्या टेबलांवर काय चाललंय तेही बघा. पोर्की आणि स्पीडी गोन्झालेस आता आपल्याला काम कोण देणार याची चिंता करत बसले आहेत. एका टेबलाशी चितारलेला शॅगी खऱ्या मॅथ्यू लिलार्डला झापतो आहे, कारण आदल्या वर्षीच्या ‘स्कूबी-डू’मध्ये लिलार्डनं त्याचं काम केलं होतं. एकाच चौकटीत पुढे संवाद आणि मागे तीन-चार गॅग असं भरगच्च काम या चित्रपटात ठिकठिकाणी आहे. एका बघण्यात ते हाती लागत नाही.

आता कारागिरीकडे येतो, कारण माझा खरा ओढा तिकडे.

माणूस आणि चित्र एकत्र आणताना सगळ्यात आधी फसते ती नजर. नट समोरच्या रिकाम्या हवेकडे बघत असतो. दिशा बरोबर असली तरी डोळ्यांचा रोख लांबच्या भिंतीवर गेला, की पाहणाऱ्याला कारण न कळताही खोटं वाटायला लागतं. हात-दीड हातावरच्या वस्तूकडे बघताना बुबुळं किंचित आत वळतात, ती तशी वळलीच पाहिजेत. म्हणून अशा चित्रीकरणात आधी पात्राच्या उंचीचा भरीव बाहुला ठेवून तालीम करतात, मग तो काढून रिकाम्या जागेशी तोच प्रसंग पुन्हा चित्रित करतात. आपल्याकडे 1993 च्या ‘झपाटलेला’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेंसमोर रामदास पाध्यांचा तात्या विंचू निदान खरोखर होता, त्याच्याकडे बघता येत होतं, त्याला धरता येत होतं. फ्रेझरसमोर टेकच्या वेळी काहीच नव्हतं. तरी गाडीतल्या प्रसंगांत तो शेजारच्या डॅफीशी बोलतो तेव्हा नजर बदकाच्या डोळ्यांवर टेकते, बदक हलला तर ती हलते, आणि मुख्य म्हणजे तो बोलत नसताना ऐकतो आहे असं दिसतं. हे फार अवघड आहे. 2023 मध्ये ऑस्कर मिळाल्यावर फ्रेझरचं जगभर कौतुक झालं, मला त्याची ताकद या चित्रपटात आधीच दिसली होती. तो शरीरानंच कार्टूनसारखा वावरतो. आपटतो, फेकला जातो, चेहरा रबरासारखा ताणतो, आणि तरी त्याचा माणूसपणा सुटत नाही. त्यामुळे चित्र आणि माणूस एकाच जगातले वाटतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. छायालेखक डीन कंडी. ‘रॉजर रॅबिट’चाही छायालेखक तोच होता, हे नाव लक्षात ठेवा. 1988 मध्ये चित्र आणि चित्रण एकत्र करायला ऑप्टिकल प्रिंटर होते, म्हणजे फिल्मवर फिल्म चढवायची, आणि पात्रावरच्या उजेड-सावलीसाठी वेगळे मॅट, म्हणजे तेवढाच भाग झाकणारे आकार, हातानं काढायचे. ‘रॉजर’मध्ये टांगलेला दिवा डोक्याला लागून झुलतो आणि सशावरची सावली प्रत्येक फ्रेमला बदलते. आमच्या धंद्यात तो प्रसंग आजही शिकवला जातो. 2003 पर्यंत रंगकाम आणि कंपोझिटिंग, म्हणजे चित्र आणि चित्रण एकत्र करणं, संगणकावर आलं होतं, पण पात्रं इथेही कागदावर, हातानंच काढली आहेत. कॅमेरा हलता असला की पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकते, त्यामुळे पात्रही सेकंदाला चोवीस वेळा नव्यानं काढावं लागतं. दोन फ्रेमना एक चित्र अशी काटकसर केली तर पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात. डॅफीचे पाय बघा, ते घसरत नाहीत. पायाखालची सावलीही बघा. जिथे पाय टेकतो तिथे ती गडद आणि बारीक असते, पाय उचलला की पसरते आणि फिकट होते.

आणि लूव्हरचा पाठलाग. या एका प्रसंगासाठीसुद्धा चित्रपट पाहावा असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. पॅरिसच्या संग्रहालयात एल्मर बंदूक घेऊन बग्स आणि डॅफीच्या मागे लागतो, आणि तिघं भिंतीवरच्या चित्रांत उड्या मारतात. ज्या चित्रात शिरतात त्या चित्राच्या शैलीत त्यांचं शरीर बदलतं. दालीच्या वितळत्या घड्याळांच्या चित्रात गेले की तिघंही ओघळायला लागतात, बंदूकसुद्धा लुळी पडते. मुंकच्या ‘किंकाळी’त अंगं लाटांसारखी लांबट आणि वाकडी होतात. जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ग्रांद जात’मध्ये शिरले की रेषा जाऊन नुसते रंगाचे ठिपके उरतात. तिथून बाहेर पडताना बग्स पूर्ववत होतो, एल्मर मात्र ठिपक्यांचाच राहतो, आणि बग्स पंखा लावून त्याला उडवून देतो. ठिपके हवेत विखुरतात, एल्मर संपला!

यातलं काम समजून घ्या. ॲनिमेटर ज्या पात्रावर वर्षानुवर्षं हात बसवतो, त्याची रेष त्याच्या बोटांत मुरलेली असते. इथे त्याला दर काही सेकंदांनी ती रेष मोडून दालीच्या, मग मुंकच्या, मग स्यूराच्या हातानं तेच पात्र काढायचं आहे, धावतं काढायचं आहे, आणि तरी बघणाऱ्याला क्षणभरही हा बग्स, हा डॅफी, हा एल्मर यात गोंधळ होता कामा नये. ओळख टिकते ती हालचालीमुळे. एल्मरचं दुडकं धावणं, डॅफीचं अंग पुढे टाकून पळणं, बग्सची बेफिकीर वळणं, हे सगळ्या शैलींत तेच राहतं. स्वभाव टायमिंगमध्ये असतो हे मी शब्दांत कितीही समजावलं तरी विद्यार्थ्यांना कळतं ते हा तुकडा फ्रेम-फ्रेमनं दाखवल्यावर. दालीचं ते चित्र प्रत्यक्षात न्यूयॉर्कला आहे, स्यूराचं शिकागोला आणि मुंकचं ऑस्लोला. लूव्हरच्या भिंतीवर ती एकत्र आणायचं स्वातंत्र्य घेतलं ते बरंच झालं.

बाकी डांटेनं आपल्या आवडीचं काय काय यात पेरलं आहे ते सगळं सांगत बसत नाही. वाळवंटातल्या ‘एरिया 52’ या गुप्त तळावर पन्नाशीच्या दशकातल्या विज्ञानपटांचे राक्षस बरण्यांतून सुटतात, त्यांत रॉबी द रोबॉट आहे आणि ब्रिटिश दूरदर्शनवरचे डालेकही आहेत. जुना नट केव्हिन मॅकार्थी हातात शेंग घेऊन कृष्णधवल रंगात चालत जातो, 1956 च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मधून आल्यासारखा. बग्स हिचकॉकच्या ‘सायको’तला न्हाणीघराचा प्रसंग शॉट-बाय-शॉट करतो आणि मोरीत चॉकलेट सिरप ओततो, कारण मूळ चित्रपटात रक्त म्हणून तेच वापरलं होतं. संदर्भ माहीत नसला तरी हसू येतं, माहीत असला तर जास्त येतं.

संगीताबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ते जेरी गोल्डस्मिथचं आहे, आणि चित्रपटासाठी त्यानं केलेलं ते शेवटचं. तो आजारी होता, अखेरच्या भागाचं काम जॉन डेबनीनं पुरं केलं. गोल्डस्मिथ जुलै 2004 मध्ये गेला. जुन्या लघुपटांचं संगीत कार्ल स्टॉलिंग करायचा, 1936 पासून 1958 पर्यंत. प्रत्येक उडीला, प्रत्येक पापणीला सूर, आणि दहा सेकंदांत चार चाली बदलायच्या. असं संगीत दीड तास लिहिणं तरुण माणसालाही झेपायचं नाही. गोल्डस्मिथनं ते आजारपणात केलं, आणि त्यात कुठेही थकवा ऐकू येत नाही.

दोषही सांगतो. स्टीव्ह मार्टिनचा खलनायक इतका मोठ्यानं खेळलेला आहे की कार्टूनच्या शेजारी तो जास्त कार्टून वाटतो, आणि मग कार्टूनचा जोर कमी होतो. माणूस जेवढा साधा, तेवढं चित्र खुलतं. ‘रॉजर रॅबिट’मध्ये बॉब हॉस्किन्सनं हे बरोबर ओळखलं होतं. जेना एल्फमनच्या वाट्याला आखडलेली वरिष्ठ बाई एवढंच आलं आहे. आफ्रिकेचा भाग घाईत उरकला आहे. डांटे आणि स्टुडिओ यांच्यात निर्मितीभर ओढाताण चालली होती, आणि तो अनुभव फार त्रासाचा होता असं त्यानं नंतर मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं आहे. ती ओढाताण जोडणीत दिसते. प्रसंग अचानक संपतात, काही विनोद श्वास घ्यायच्या आत कापले आहेत.

पण तो पडला त्याचं कारण हे दोष आहेत असं मला वाटत नाही. आठवडाभर आधी ‘एल्फ’ लागला होता आणि जोरात चालला होता, आठवडाभरानं ‘द कॅट इन द हॅट’ येणार होता. शिवाय अमेरिकेत मोठ्या वाहिनीवरून शनिवार सकाळचे बग्सचे कार्यक्रम 2000 मध्ये बंद झाले होते. 2003 मधल्या दहा वर्षांच्या मुलाला हंगामाचा वाद माहीत नव्हता, आणि हा चित्रपट तर तो माहीत आहे असं धरून चालतो. आपल्याकडे 1995 मध्ये कार्टून नेटवर्क आलं, दिवसभर कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट. त्या काळात इथे वाढलेल्या पिढीला, इंग्रजी धड कळत नसताना, हे लघुपट तोंडपाठ झाले. म्हणून मला वाटतं की तिशी-चाळिशीतला मराठी प्रेक्षक या चित्रपटाला त्या वेळच्या अमेरिकन मुलापेक्षा जवळचा आहे.

मुलांना दाखवताना एवढं करा. आधी एका संध्याकाळी ‘रॅबिट सीझनिंग’, ‘डक अमक’ आणि ‘डक डॉजर्स इन द ट्वेंटी-फोर्थ अँड अ हाफ सेंच्युरी’ हे तीन लघुपट दाखवा, प्रत्येकी सात-आठ मिनिटांचे आहेत. पहिल्यानं चित्रपटाची सुरुवात कळेल, दुसऱ्यानं डॅफीचं दुःख कळेल, तिसऱ्यानं शेवटचा अंतराळातला भाग. ‘एरिया 52’मधले राक्षस लहानग्यांना थोडे दचकवतील, पण तो गोंधळ फार लांबत नाही. आवाज मूळ इंग्रजीच ठेवा. बग्स आणि डॅफी या दोघांचंही बोलणं जो अलास्की या एकाच कलाकारानं केलेलं आहे, जुन्या लघुपटांत दोघांना आवाज देणाऱ्या मेल ब्लँकच्या पठडीत, आणि ती दोघांची भांडणं एकाच गळ्यातून आली आहेत हे मुलांना सांगितलं की ती पुन्हा मागे नेऊन ऐकतात. नामावली लागली म्हणून बंद करू नका असंही सांगेन, पण त्याआधी दोन जागा चुकवू नका: डीजे आपण ब्रेंडन फ्रेझरचे स्टंट करतो असं चित्रपटभर सांगत असतो, त्याची खऱ्या फ्रेझरशी गाठ पडते ती, आणि अगदी शेवटी पोर्की आपलं नेहमीचं वाक्य म्हणायला येतो ती.